गॅस संपला आणि मी रडले

(पत्र लांब होतं, त्यातलं महत्त्वाचं तेवढं देते आहे.)

*ताई, मी ४१ वर्षांची. बदलापूरला राहते, नोकरी फोर्टात. नवऱ्याला व्यसन नाही, कर्ज आवाक्यात आहे, मुलगा दहावीला. एप्रिलमध्ये मला बढती मिळाली. जूनमध्ये सासूबाई पडल्या, खुब्याचं ऑपरेशन झालं. आता वॉकर धरून चालतात. स्वभावाने गरीब आहेत, रोज विचारतात, "काही निवडायला दे गं." मी म्हणते, "राहू द्या, तुम्ही आराम करा." गेल्या मंगळवारी पहाटे साडेपाचला गॅस संपला. तव्यावर पोळी अर्धी कच्ची. बुकिंग करायचं माझ्याच लक्षातून गेलं होतं. मी ओट्याला पाठ टेकून खाली बसले आणि ढसाढसा रडले. रात्री तीनला जाग येते, छातीत धडधडतं. दुःख म्हणावं असं काहीच नाही. मग मी नाटकं करतेय का?*

अगं, नाटक करायला समोर कुणीतरी लागतं. तू घर झोपलेलं असताना रडलीस, आणि साडेसहाला डबे भरून निघालीस, हेही तूच लिहिलंयस.

ताण यायला काहीतरी मोठं घडावं लागतं, हा समज आधी बाजूला ठेव. १९६७ मध्ये होम्स आणि राहे या दोन अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांनी आयुष्यातल्या ४३ घटनांची यादी केली आणि प्रत्येकीला गुण दिले. जोडीदाराच्या मृत्यूला १००. पण त्याच यादीत लग्नाला ५० आहेत, घरातल्या माणसाच्या आजारपणाला ४४, आणि कामावरची जबाबदारी बदलली तर २९. बदल सुखाचा असला तरी नवी घडी बसवायला शक्ती खर्ची पडतेच. बढतीचे पेढे वाटलेस, पण त्या घडीला अजून इस्त्रीसुद्धा झाली नव्हती, तोवर सासूबाई पडल्या.

तरी मला वाटतं, तुझं खरं दुखणं याहून बारीक आहे. १९८१ मध्ये मानसशास्त्रज्ञ रिचर्ड लाझारस आणि त्यांच्या सहकाऱ्यांना असं आढळलं, की मनाच्या त्रासाचा अंदाज मोठ्या घटनांपेक्षा रोजच्या कटकटींवरून जास्त नीट बांधता येतो. चुकलेली लोकल, हरवलेली किल्ली, न आलेली कामवाली. एकेक घेतली तर सांगायलाही लाज वाटावी अशी. म्हणूनच कुणी सांगत नाही.

तुझ्या पत्रातला तो मंगळवारच बघ. सिलिंडर, मुलाच्या क्लासची फी, सासूबाईंच्या गोळ्या, फिजिओथेरपीवाल्याची वेळ, दळण, सोसायटीचा मेंटेनन्स, साहेबांना द्यायचा रिपोर्ट. यातली निम्मी कामं नवरा करतो, असं तू लिहितेस. चांगलं आहे. पण ती करायची आहेत, हे कुणाच्या लक्षात असतं? भारत सरकारच्या २०१९ च्या पाहणीत घरकाम करणाऱ्या बायकांचे दिवसाला सरासरी २९९ मिनिटं घरकामात जातात, असं निघालं. घरकाम करणाऱ्या पुरुषांची ९७. या मिनिटांत हात चालतात तेवढंच मोजलंय. लोकलमध्ये उभ्याने दीड तास "डाळ भिजवली का" हे डोक्यात फिरत असतं, ते कुठल्याच रकान्यात आलेलं नाही. माझा सगळा राग तिथे आहे.

आता छातीतल्या धडधडीचं. धोका दिसला की शरीर अ‍ॅड्रेनालिन हे हार्मोन सोडतं, मागोमाग कॉर्टिसोल हे दुसरं. ठोके वाढतात, स्नायू ताठतात. पळण्यासाठीची ही तयारी, धोका टळला की ओसरायला हवी. तुझ्या दिवसात ओसरायला जागाच नाही. त्यात उत्तररात्री कॉर्टिसोल मुळातच चढायला लागतं, झोपही उथळ होते. एवढं पुरतं जाग यायला.

पण सगळंच ताणावर ढकलू नकोस. या आठवड्यात डॉक्टरकडे जा. रक्तदाब, हिमोग्लोबिन, थायरॉइड तपासून घे. थायरॉइड बिघडलं किंवा रक्त कमी झालं तरी अशीच धडधड होते, असाच थकवा येतो. छातीत दुखलं किंवा दम लागला तर वेळ न घालवता दवाखाना गाठ. आणि दोन आठवडे सलग मन उदास राहिलं, कशातच रस वाटेना, किंवा एकदा जरी जगणं नको वाटलं, तर १४४१६ वर फोन कर. टेली-मानस ही सरकारी सेवा आहे, फुकट आहे, दिवसरात्र चालते आणि मराठीत बोलता येतं.

योगासनांचा क्लास लाव, असं मी सांगणार नाही. त्याची वेळ आणि फीसुद्धा तुलाच लक्षात ठेवावी लागेल. त्याऐवजी चार दिवस एक वही जवळ ठेव. डोक्यात येईल ते काम लिही, कितीही क्षुल्लक असो. रविवारी ती वही नवऱ्यासमोर ठेव आणि त्यातली तीन कामं मुळासकट त्याला दे. "मदत कर" म्हणू नकोस. सिलिंडर म्हणजे बुकिंग, ओटीपी, पैसे, रेग्युलेटर लावणं आणि संपत आलाय हे ओळखणं, सगळं त्याचं. आठवण करायची नाही. यातच तुझा जीव जाईल, मला ठाऊक आहे. माझ्या बहिणीने भाच्याची शाळेची तयारी अशीच मेहुण्यांकडे दिली. पहिल्या आठवड्यात पोरगा दोनदा टायशिवाय गेला. ती गप्प राहिली. तिसऱ्या आठवड्यात टाय आदल्या रात्रीच दप्तरावर दिसायला लागला.

आणि सासूबाई. त्या रोज विचारतात आणि तू रोज "राहू द्या" म्हणतेस. घर चालवलेली बाई चार महिने पलंगावरून सुनेची धावपळ बघते आहे. ताण त्यांच्याही वाट्याला आलाय, आणि तो हलका करायला त्या तुझ्याकडे काम मागताहेत. उद्या संध्याकाळी मेथीची जुडी, परात आणि खाली पसरायला पेपर त्यांच्यापुढे ठेव. एखादी काडी राहील. पुन्हा निवडत बसू नकोस, तशीच फोडणीला टाक.