'स्किन' म्हणजे त्वचा हे माहीत असूनही वाक्प्रचार का चुकतात?

लातूरला स्पर्धा परीक्षेची तयारी करताना 'स्किन'चे वाक्प्रचार पाठ केले, तरी पर्याय चुकतात, असं तुम्ही विचारलंय. चुकणारच. त्या एका शब्दाचं काम आपल्याकडे चार शब्द वाटून घेतात. माणसाची त्वचा नाहीतर कातडी, अर्धापूरच्या केळीची साल, तापल्या दुधावरची साय, सगळ्याला स्किन चालतं. जालन्याच्या मोसंबीची साल मात्र पील, कलिंगडाची रिंड. जनावराचं कातडं हाईड, कमावलं की लेदर. (हाईड हा इंग्रजीचा घरचा शब्द. स्किन जुन्या नॉर्समधून, म्हणजे व्हायकिंगांच्या भाषेतून, आलेला पाहुणा, पण घर त्यानंच बळकावलं.)

सगळ्यात फसवा 'थिक-स्किन्ड'. आपण झटकन गेंड्याच्या कातडीचा म्हणतो, आणि ती आपल्याकडे शिवीच. पण इंग्रजीत 'राजकारणात थिक स्किन लागते' असं म्हणतात तेव्हा तो सल्ला असतो, टीका मनाला लावून घेऊ नका. म्हणून मी आधी उताऱ्याचा सूर बघायला सांगेन, मग पर्याय. 'थिन-स्किन्ड' म्हणजे ज्याला शब्द लगेच लागतो तो.

'बाय द स्किन ऑफ वन्स टीथ' म्हणजे काठावर पास. दाताला कातडी कुठली? तेच, नसल्यातच जमा इतक्या फरकानं. मूळ बायबलमधल्या ईयोबाच्या पुस्तकात, १५६० च्या 'जिनिव्हा बायबल' या इंग्रजी भाषांतरात. तिथं 'विथ' आहे, आज 'बाय' लिहायचं. रिकामी जागा नेमकी इथं येते. 'टीथ' अनेकवचनीच ठेवा. हा 'ऑफ' एका एफचा. 'नो स्किन ऑफ माय नोज', म्हणजे माझं काय जातंय, यातला दोन एफचा. नाकाची कातडी सोलून निघत नाही, असा तो अर्थ.

'सेव्ह वन्स स्किन' सरळ आपलं 'स्वतःची कातडी वाचवणे'. 'गेट अंडर समवन्स स्किन' बहुतेक वेळा डोक्यात जाणे. 'स्किनफ्लिंट' म्हणजे कवडीचुंबक.

आजारांच्या शब्दांत जोड्या फसवतात. 'स्कॅब' खपली, 'स्केबीज' खरूज. 'इच' म्हणजे खाज सुटते ती, 'स्क्रॅच' म्हणजे आपण खाजवतो ते; डॉक्टरांना 'माय आर्म इचेस' सांगा. 'रिंगवर्म' म्हणजे नायटा, नावात जंत असला तरी ती बुरशी. घामोळ्या 'प्रिकली हीट'. गुडघा खरचटला तर 'आय स्किन्ड माय नी', इथं स्किन चक्क क्रियापद झालंय.