गूगलची मूल्यं बदलली, याला सुंदर पिचाई जबाबदार आहेत का?

एकट्या पिचाईंवर खापर फोडणं मला पटत नाही. डिसेंबर 2019 मध्ये ते गूगलच्या पालक कंपनीचे, म्हणजे अल्फाबेटचेही सीईओ झाले हे खरं, पण मतांची ताकद त्यांच्याकडे नाही. गूगलचे संस्थापक लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांच्याकडच्या क्लास बी शेअरला प्रत्येकी 10 मतं आहेत, त्यामुळे निम्म्याहून जास्त मतं या दोघांच्याच हातात. बाकीच्या भागधारकांनी कितीही ठराव आणले तरी या दोघांपुढे ते टिकत नाहीत.

खरा दबाव आला तो आतून. 2018 मध्ये हजारो कर्मचाऱ्यांनी पेंटागॉनच्या (अमेरिकी संरक्षण खात्याच्या) प्रोजेक्ट मेव्हनविरुद्ध, म्हणजे ड्रोनची दृश्यं एआयने तपासण्याच्या प्रकल्पाविरुद्ध, पत्रावर सह्या केल्या. कंपनीने ते कंत्राट पुढे वाढवलं नाही, शिवाय शस्त्रांसाठी एआय बनवणार नाही असं लेखी जाहीर केलं. फेब्रुवारी 2025 मध्ये तेच आश्वासन तत्त्वांमधून काढून टाकलं. मधल्या काळात, जानेवारी 2023 मध्ये, सुमारे 12,000 जणांच्या कपातीची घोषणा झाली होती. नोकरीच टांगणीला लागल्यावर सही कोण करणार? 2024 मध्ये इस्रायल सरकारबरोबरच्या निंबस या क्लाउड सेवांच्या कराराविरुद्ध ऑफिसात ठिय्या देणाऱ्यांना तर कामावरूनच काढलं. मला सगळ्यात जास्त राग याचाच येतो.