वेग मोजण्याआधी एकक ठरवावे

प्रश्न : एकाच मराठी उताऱ्यावर एक संकेतस्थळ माझा टंकलेखनाचा वेग मिनिटाला ३३ शब्द दाखवते, तर दुसऱ्यावर तो २४ भरतो. लिपिक-टंकलेखक पदासाठी मराठी ३० शब्दांची अट आहे. कोणता आकडा खरा मानावा?
– एक उमेदवार, भुसावळ

उत्तर : दोन्ही आकडे बरोबर असू शकतात, कारण दोन्हीकडे ‘शब्द’ वेगळा आहे. टंकलेखनात पाच कळदाबांचा एक शब्द धरण्याची पद्धत रूढ आहे व त्यात शब्दांमधील मोकळी जागाही मोजली जाते. दुसरीकडे बहुधा उताऱ्यातील प्रत्यक्ष शब्द मोजले जात असावेत. मराठीत हा फरक मोठा पडतो. ‘विद्यार्थ्यांना’ हा एकच शब्द इन्स्क्रिप्ट कळफलकावर व, वेलांटी, द, हलन्त, य असा एकेक चिन्ह देत टंकित केल्यास पंधरा कळा दाबाव्या लागतात, म्हणजे हिशेबात तो तीन शब्दांचा होतो.

आपण दहा मिनिटांत १६५० कळा दाबल्या असतील तर ३३० शब्द, म्हणजे ढोबळ वेग ३३ होतो. मात्र उताऱ्यात ४० चुका तशाच राहिल्या आणि प्रत्येक चुकीमागे एक शब्द वजा केला, तर निव्वळ वेग २९ उरतो. कळांच्या हिशेबात अचूकता ९७ टक्क्यांहून अधिक असूनही आपण ३० च्या खाली येता, हे उमेदवारांच्या सहसा लक्षात येत नाही. चुका वजा करण्याचा नियम परीक्षेगणिक बदलतो, म्हणून आपल्या जाहिरातीतील नियम पाहून त्याच रीतीने सरावाचा हिशेब ठेवावा.

प्रश्न : तिसरीच्या मुलांचे एक मिनिटाचे प्रकट वाचन मी घेते. घरी अहिराणी बोलणारी मुले ‘केळी’ला ‘केयी’ वाचतात. ही चूक धरावी का?
– एक शिक्षिका, शिरपूर तालुका

उत्तर : धरू नये. अहिराणीत ‘ळ’चा ‘य’ होतो. ‘डोळा’ तेथे ‘डोया’ असतो. मुलाने अक्षर ओळखले आहे, फक्त ते घरच्या उच्चारात म्हटले आहे. मात्र तोच मुलगा ‘केळी’ला ‘कयी’ म्हणाला, तर त्याने मात्रा सोडून ‘कळी’ वाचले आहे, आणि ही चूक नक्कीच धरावी. हा भेद बाहेरगावाहून आलेल्या परीक्षकाला ऐकू येईलच असे नाही. आपल्याला तो येतो, ही मोठी सोय आहे.

वगळलेला शब्द, बदलून वाचलेला शब्द आणि मूल तीन सेकंद अडल्यावर आपण सांगितलेला शब्द यांना चूक मानावे. मुलाने स्वतःहून सुधारलेला शब्द बरोबर धरावा. मिनिटात ६२ शब्दांपर्यंत पोहोचून ५ चुका झाल्या, तर ५७ अचूक शब्द आणि सुमारे ९२ टक्के अचूकता अशी नोंद करावी. वाचून झाल्यावर दोन-तीन प्रश्नही विचारावेत, कारण घाईने वाचणाऱ्याला पुष्कळदा आशय सांगता येत नाही.

हिंदी किंवा इंग्रजी वाचनाच्या आकड्यांशी मात्र तुलना नको. ‘शाळेतल्या’ हा मराठीत एक शब्द आहे, तर हिंदीत त्यासाठी ‘स्कूल के’ असे दोन शब्द लागतात. मराठीतलेही उतारे सोपे-अवघड असतात. त्यामुळे एका बैठकीत तीन वेगवेगळे उतारे वाचून घ्यावेत आणि तीन आकड्यांतील मधला आकडा वहीत लिहावा.