मोठ्या संगणक प्रणालीवर टाकलेले अपडेट मागे घेऊन सगळे पूर्ववत करता येते का, आणि त्याला किती वेळ लागतो?

प्रोग्राम पूर्ववत करता येतो. त्या प्रोग्रामने मधल्या काळात नोंदवलेले व्यवहार पूर्ववत होत नाहीत. "बॅकअप आहे ना, मग परत टाका" असे म्हणणाऱ्याने बॅकअपनंतर काउंटरवर येऊन गेलेल्या माणसांचा विचारच केलेला नसतो, हे माझे मत लातूरच्या एका बँकेत संगणक विभागात काम करताना पक्के झाले.

2017 च्या ऑक्टोबरमध्ये दुसऱ्या शनिवारची सुटी साधून आम्ही कोअर बँकिंगचे, म्हणजे सगळ्या शाखांची खाती एकत्र सांभाळणाऱ्या प्रणालीचे, अपडेट टाकले. सोमवारी, ऐन दिवाळीच्या तोंडावर, पीककर्जाच्या खात्यांवर व्याज दुबार लागल्याचे दिसले. दोष तेवढाच होता. व्याजआकारणी थांबवावी, बाकी कामकाज चालू ठेवावे आणि चुकलेल्या रकमा रात्री उलट नोंदींनी दुरुस्त कराव्यात, असे मी सुचवले. साहेबांनी मात्र संपूर्ण अपडेट मागे घेण्याचा आदेश दिला. अपडेटने डेटाबेसमधील टेबलांची (माहिती साठवण्याच्या तक्त्यांची) रचनाच बदललेली असल्याने जुन्या प्रोग्रामला ती वाचता येईनात आणि शनिवारचा बॅकअप चढवण्यावाचून मार्ग उरला नाही.

बॅकअप चढला आणि सोमवारी दुपारी दीडपर्यंतचे सगळे व्यवहार प्रणालीच्या लेखी घडलेच नव्हते असे झाले. आडत्यांनी जमा केलेले सोयाबीनचे पैसे खात्यांतून नाहीसे झाले, पण त्यांचे मेसेज शेतकऱ्यांच्या मोबाईलवर तसेच होते. एनईएफटीने गेलेल्या रकमा रिझर्व्ह बँकेच्या यंत्रणेतून दुसऱ्या बँकांत पोचल्या होत्या, तरी आमच्याकडे त्या शिल्लक दिसत होत्या. औशाकडचे एक आजोबा पासबुक पुढे करून म्हणाले, "मोबाईल म्हणतो पैसे आले, तुमचं पुस्तक म्हणतंय न्हाई आले, मी कुणाचं खरं धरू?" पुढच्या तीन रात्री आम्ही शाखाशाखांची व्हाउचरे मागवून एकेक नोंद हाताने पुन्हा केली. साहेबांनी निवृत्तीच्या भाषणात हाच प्रसंग धाडसी निर्णय म्हणून सांगितला.

ब्रिटनच्या आरबीएस बँकेनेही जून 2012 मध्ये असेच केले होते. दिवसभराचे व्यवहार रात्री एकगठ्ठा उरकणारी बॅच कामे चालवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या अपडेटनंतर गडबड दिसताच, परिणामांची चाचणी न घेता ते काढून टाकण्यात आले. किमान 65 लाख ग्राहकांना त्याची झळ बसली आणि 2014 मध्ये नियामकांनी एकूण 5 कोटी 60 लाख पौंडांचा दंड केला. ही माहिती मी साहेबांच्या टेबलावर दोनदा ठेवली होती.

अर्थात, अपडेटने केवळ प्रोग्राम बदलला असेल आणि डेटाच्या रचनेला हात लावलेला नसेल, तर चर्चा न करता तत्काळ मागे घ्यावे. तिथे साहेबच बरोबर ठरले असते. रचना बदलणे भागच असेल, तर नवे रकाने आधी वाढवावेत आणि जुने पुढच्या एकदोन अपडेटपर्यंत काढू नयेत, म्हणजे जुना प्रोग्राम चालू शकतो. वेळेचे म्हणाल, तर आपल्याच डेटाच्या प्रतीवर एकदा रंगीत तालीम केल्याशिवाय कोणीही सांगितलेला आकडा खरा मानू नये.

आणखी एक गोष्ट कबूल करायला हवी. त्या अपडेटच्या मंजुरीच्या फॉर्मवर "मागे घेण्याची पद्धत" या रकान्यात "बॅकअपवरून" एवढा एकच शब्द होता, आणि तो माझ्याच अक्षरात होता.