लांबच्या विमानप्रवासात अलीकडे कोणते सिनेमे बघितले आणि कसे वाटले?

मार्चमध्ये बहिणीकडे न्यू जर्सीला गेले होते, मुंबई ते नेवार्क, पंधरा-सोळा तास सलग आणि मला विमानात झोपेचं नाव नाही, त्यामुळे चार पिक्चर झाले. माझं मत आधीच सांगते, जे भव्यदिव्य म्हणून गाजलेत ते विमानात लावूच नका.

मी तीच चूक केली, पहिला लावला ओपनहायमर. थिएटरला राहून गेलेला, म्हटलं तीन तास तरी सुटतील. त्यात १६ जुलै १९४५ च्या पहिल्या अणुबॉम्बच्या चाचणीचा सीन आहे, स्फोट होतो पण दिग्दर्शक नोलाननं आवाजच काढून घेतलाय, नुसता उजेड आणि श्वास, धडाका बऱ्याच वेळानं, कारण उजेड आधी पोचतो आणि आवाज मागून. माझ्या वाट्याला त्या शांततेत इंजिनाची घरघर आणि मागच्या रांगेतलं रडणारं बाळ, आणि धडाक्याच्या नेमकं आधी स्क्रीन थांबला, सीटबेल्ट बांधा. बॉम्बचा पार फुसका बार झाला.

मग वैतागून पर्फेक्ट डेज लावला, विम वेंडर्सचा, टोकियोतली सार्वजनिक संडास धुणारा माणूस, बास एवढंच. ते काम करणारा नट कोजी याकुशो फारसं बोलतच नाही, छोटा आरसा धरून कमोडच्या खालची बाजू तपासतो, मशीनमधून कॉफीचा डबा घेतो, गाडीत कॅसेट लावतो. संवादच कमी, त्यामुळे घरघरीत काही बुडलं नाही. शेवटी गाडी चालवताना त्याचा चेहरा हसू की रडू करत राहतो तेव्हा माझंही तेच चाललेलं, जेवणाच्या ट्रेमधला टिश्यू कामी आला.

तिसरा पायल कपाडियाचा ऑल वी इमॅजिन अ‍ॅज लाइट, २०२४ ला कान चित्रपट महोत्सवात ग्रां प्री पुरस्कार मिळालेला. मुंबई सोडून काही तासच झाले होते आणि समोर परत तीच लोकल, तोच पाऊस. जर्मनीतल्या नवऱ्याचा पत्ता नाही आणि घरी राइस कुकर येतो, नर्स असलेली प्रभा रात्री फरशीवर बसून त्या कुकरला मिठी मारते, एक शब्द नाही. उत्तरार्धात रत्नागिरीकडे गेल्यावर जरा रेंगाळतो, हे खरं. पण कागद नाहीत म्हणून चाळीतलं घर जाणारी पार्वती, छाया कदमनं काय केलीये!

इथं शेजारच्या आजींनी, ज्या बराच वेळ माझ्याच स्क्रीनकडे बघत होत्या, कोपर मारलं, "अगं, ही आपली छाया ना?" म्हटलं हो, आजी. त्यांना त्यांचा स्क्रीन लावता येत नव्हता, मी तिचाच दुसरा लावून दिला, लापता लेडीज, आणि सोबत म्हणून मीपण तोच. घुंघटामुळे नवऱ्या बदलतात ती गोष्ट, हलकाफुलका, शेवटाकडे जरा सोपा करून टाकलाय असं माझं मत. स्टेशनवर चहा विकणारी मंजू माई हरवलेल्या नवरीला, फूलला, कामाचे पैसे देते, तिच्या पहिल्या कमाईचे, तिथं आजींनी हेडफोन काढला, माझा दंड धरला आणि म्हणाल्या, मला पहिला पगार झाला तो सासऱ्यांनी मोजून घेतला होता गं. मग परत हेडफोन लावून बघायला लागल्या.