सडा ‘पडीक’ कुणी ठरवला? : जमीन-नियोजन प्रश्नोत्तरे

मे महिना संपून चाकरमानी परत गेले की माझ्याकडे कोकणातल्या जमिनींबद्दल पत्रं येतात. सातबारा एक सांगतो, नकाशा दुसरं आणि एजंट तिसरंच. काही उत्तरं इथेच देऊन टाकतो.

समुद्रापासून ५० मीटर सोडले की घर बांधता येतं, असं एजंट म्हणतो. खरं का? (गुहागर)

अर्धवट. २०१९ च्या किनारा अधिसूचनेतली ५० मीटरची सवलत २०११ च्या जनगणनेत दर चौरस किलोमीटरला २१६१ हून जास्त वस्ती असलेल्या गावांसाठी आहे. आपल्या विखुरलेल्या वाड्यांत एवढी माणसं कुठून आणणार? बाकीच्या ग्रामीण भागात २०० मीटर. तेही वाळूवरच्या शेवाळाच्या रेघेपासून टेप लावून मोजायचे नाहीत. भरतीरेषा मंजूर नकाशावर असते. आपला सर्व्हे नंबर नगररचना कार्यालयात दाखवून घ्या.

त्या पट्ट्यातलं आजोबांचं घर दुरुस्त करता येईल? (देवगड)

अधिकृत असेल आणि जोतं वाढवणार नसाल तर येईल. आधी परवानगी, मग चिरे.

‘एनए प्रपोज्ड’ प्लॉट घ्यावा का? (ठाणे)

एनए म्हणजे बिगरशेती. प्रपोज्ड म्हणजे तो अजून एनए झालेला नाही. वकिलाने कागद पाहेपर्यंत टोकनही देऊ नका.

गाव इको-सेन्सिटिव्ह (पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील) झालं की घर विकता येणार नाही, असा मेसेज फिरतोय. (संगमेश्वर)

तो मेसेज पुढे ढकलणाऱ्याने पश्चिम घाटाच्या इको-सेन्सिटिव्ह क्षेत्राचा केंद्राचा मसुदा वाचलेला नाही. ३१ जुलै २०२४ च्या मसुद्यात खाणी, वाळू-दगड उपसा, औष्णिक वीज, लाल यादीतले (जास्त प्रदूषण करणारे) उद्योग आणि २०,००० चौरस मीटरपासून पुढची बांधकामं यांवर बंदी आहे. घराची विक्री, दुरुस्ती यांवर नाही. हरकतींना ६० दिवस होते, मधे गणपतीही आले. मला पत्रं आली ती दिवाळीनंतर! यादीत गाव आहे का ते ग्रामपंचायतीत विचारा.

सामायिक जमिनीत चार एकर सडा (जांभ्याचं कातळी पठार) आहे, सातबाऱ्यावर पोटखराबा. पडीकच आहे तर चिरेखाणीला देऊ या, असा चुलत्यांचा आग्रह आहे. (राजापूर)

पोटखराबा हा महसुली शब्द. नांगर चालत नाही म्हणून आकार (शेतसारा) नाही, एवढाच त्याचा अर्थ. पाणी कुठून येतं हे मोजणीदाराला कुणी विचारलंच नव्हतं. जांभा सच्छिद्र. सड्यावरचा पाऊस भेगांतून उतरतो, खालच्या चिकणमातीवर अडतो आणि पायथ्याला झऱ्याने बाहेर येतो. वाडीची विहीर बहुधा तिथेच असते. माझ्या आजोळी वरच्या सड्यावर खाण पडली. दुसऱ्या पावसात विहिरीचं पाणी चहासारखं लाल झालं, पुढच्या एप्रिलात कळशी तळाला घासायला लागली. खाणवाल्याने कठड्याला चुना लावून दिला. झरा काही आणून दिला नाही.

आणि ‘ओसाड’ म्हणणाऱ्यांनी सडा पाहिलेला असतो तो मे महिन्यात. ऑगस्टमध्ये बोटभर मातीत सीतेची आसवं ही इवली रानफुलं निळी होऊन पसरलेली असतात. कातळशिल्पं, म्हणजे कातळात कोरलेली जुनी चित्रं, तीही याच सड्यांवर. बारसू, उक्षी, कशेळी, कुडोपी ही ठिकाणं २०२२ पासून युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत आहेत. तुमच्या चार एकरांत काय आहे ते कुणी पाहिलंय? माती स्वतः खरवडू नका, पुरातत्त्वाच्या जाणकाराला बोलवा. भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या जिल्हा कार्यालयात विहिरीबद्दल विचारा. सगळ्या हिस्सेदारांची लेखी संमती आणि खनिकर्म परवाना नसेल तर चुलत्यांना चहा पाजून परत पाठवा.

नियोजनशास्त्राच्या प्रबंधासाठी भूदृश्याचं नियोजन आणि कारभार हा विषय घेतलाय. कुठल्या पुस्तकापासून सुरुवात करू? (कुडाळ)

तलाठ्यापासून. युरोपात २००० साली फ्लॉरेन्सला भूदृश्याचा करार झाला, तो वाचाच. लोकांना जसा जाणवतो तसा प्रदेश, अशी त्याची व्याख्या आहे. पण आधी एकच गाव घ्या आणि खाडीपासून सड्यापर्यंत चालत जा. खारबंधारा खारभूमी विभागाचा, शेत महसूलचं, जंगल वनखात्याचं, देवराईत मानकऱ्यांचा शब्द. कुणाचा अधिकार कुठे संपतो आणि पाणी पुढे कुठे जातं, हे नकाशावर मांडलंत तरी प्रबंधाचा अर्धा भाग झाला. विषय मार्गदर्शकांकडून पक्का करून घ्या. एक फेरी मेमध्ये, दुसरी ऑगस्टमध्ये करा. तेव्हा छत्री नेऊ नका, सड्यावरचा वारा ती उलटी करतो.