यंत्रात लिनक्स आणि क्यूट आहे. आमचं अ‍ॅपही उघडं करावं लागेल का?

तुम्ही भोसरीत टचस्क्रीन कंट्रोलर बनवता. आत बिल्डरूटवर (यंत्रासाठी लिनक्स तयार करणारं साधन) बांधलेलं लिनक्स, बिझीबॉक्स (लिनक्सच्या मूळ आज्ञांचा छोटा संच), क्यूट (स्क्रीनवरची बटणं, खिडक्या बनवणाऱ्या लायब्ररी) आणि तुमचं सी प्लस प्लस अ‍ॅप. चाकणच्या ग्राहकाने लायसन्सची यादी मागितली, तेव्हा स्वतःचा कोडही द्यावा लागेल का, हा तुमचा प्रश्न.

बहुधा नाही. पण क्यूटची कोणती मॉड्यूल वापरलीत ते आजच बघा. कोअर, गुई, क्यूएमएल ही एलजीपीएल ३ खाली मिळतात (हे लायसन्स लायब्ररीपुरतं असतं, तुमचा कोड बंद राहू शकतो), मात्र क्यूट चार्ट्स आणि क्यूट व्हर्च्युअल कीबोर्ड फुकट हवे असतील तर जीपीएल ३ खालीच मिळतात (हे लायसन्स जोडलेल्या कोडलाही लागतं). आणि टचस्क्रीनवर नेमकी हीच दोन लागतात. चार्ट्स अ‍ॅपला लिंक करून विकलंत, तर अख्ख्या अ‍ॅपचा सोर्स (मूळ कोड) ग्राहकाला द्यावा लागतो. कीबोर्ड प्लगइन म्हणून येतो, त्यावर वाद घालता येईल. मी घालणार नाही. आकडेच भरायचे असतील तर बारा बटणांचा पॅड स्वतः मांडा, आलेख क्यूएमएलच्या कॅनव्हासवर काढा, नाहीतर व्यावसायिक लायसन्स घ्या.

बाकी क्यूट डायनॅमिक लिंकच ठेवा, म्हणजे लायब्ररी वेगळ्या फाइलमध्ये. स्टॅटिक केलंत, म्हणजे ती अ‍ॅपच्याच फाइलमध्ये मिसळलीत, तर पुन्हा लिंक करता यावं म्हणून अ‍ॅपच्या ऑब्जेक्ट फाइल द्याव्या लागतात. तुमच्या विक्री करारात ‘रिव्हर्स इंजिनिअरिंगला मनाई’ असं सरसकट कलम असेल तर तेही सुधारा: लायब्ररी बदलून तो बदल डीबग करण्यापुरती मुभा एलजीपीएलला हवीच असते. बदललेली लायब्ररी यंत्रात बसवण्याची माहिती देण्याची अट घरगुती वापराच्या वस्तूंना आहे, कारखान्यातल्या कंट्रोलरला नाही.

कर्नल (लिनक्सचा गाभा) आणि बिझीबॉक्स जीपीएल २ चे. साध्या सिस्टिम कॉलने कर्नलशी बोलणाऱ्या अ‍ॅपला कर्नलचं लायसन्स लागत नाही. कर्नल मॉड्यूल (कर्नलच्या आत चालणारा कोड) लिहिलं असेल तर ते जीपीएल धरूनच चाला आणि तुमचं गुपित अ‍ॅपमध्ये ठेवा.

सोर्स देताना मूळ कर्नलच्या साइटची लिंक पुरत नाही. बोर्डवाल्याचे पॅच, कॉन्फिग, बिल्ड स्क्रिप्ट यांसकट, त्याच फर्मवेअर (यंत्रात भरलेलं सॉफ्टवेअर) आवृत्तीचा सोर्स हवा. तो सोबत दिला नाही, तर किमान 3 वर्षं कोणीही मागितला तरी फक्त प्रत पाठवण्याच्या खर्चात देऊ, असं लेखी द्यावं लागतं. फर्मवेअर यंत्रात भरूनच जात असेल तर नुसती डाउनलोड लिंक म्हणजे ‘सोबत दिला’ असं होत नाही. म्हणून खोक्यात पेनड्राइव्ह टाका. ती जबाबदारी तिथेच संपते.

यादीसाठी बिल्डरूटमध्ये ‘मेक लीगल-इन्फो’ चालवा. लायसन्सचे मजकूर, सोर्स आणि तक्ता एका फोल्डरमध्ये येतात. एमआयटी, बीएसडी या सैल लायसन्सवाल्या लायब्ररींना बहुतेक तेवढे मजकूर पुरतात. त्यातली रीडमी मात्र ओळन्‌ओळ वाचा: जे गोळा करता आलं नाही ते तिथे लिहिलेलं असतं. बिल्डरूटचा स्वतःचा सोर्स त्यात येत नाही, तो वेगळा जोडावा लागतो.